दाखल-खारीज

शाळेच्या ऑफिसात लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात नऊ रजिस्टरं होती. लाल कापडाचे पुठ्ठे, उंदरांनी कुरतडलेले कोपरे, आणि उघडलं की डांबरगोळ्यांचा वास. चौतीस वर्षं मी ती राखली. चांदूर बाजार तालुक्यातल्या एका हायस्कुलात 1990 साली मी लिपिक म्हणून लागले आणि 2024 साली निवृत्त झाले. शाळेचं नाव सांगत नाही. पुढे काही गोष्टी अशा येतील, की तिथं आज खुर्चीवर बसलेल्यांना उगाच जाब द्यावा लागेल.

पुण्याकडे ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात त्याला आमच्याकडे दाखल-खारीज म्हणतात. शब्द निजामाच्या दप्तरातून उतरलेला असावा. पोरगं शाळेत आलं की दाखल, गेलं की खारीज. मधल्या रकान्यांत बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. शेवटचे दोन रकाने शाळा सोडल्याच्या तारखेचे आणि कारणाचे.

लोक ही रजिस्टरं बघायला येतात ते जातीच्या रकान्यासाठी. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणून नातू आजोबाची ओळ शोधत येतो. 2023 साली सरकारनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा तर ही रजिस्टरं टेबलावरून कपाटात परत जातच नव्हती. जातीचा रकाना बोटांच्या घामानं काळा पडला आहे. शेवटच्या रकान्याला कुणी हात लावत नाही. मी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तोच वाचायची.

वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात बसली. हेडमास्तरांच्या खोलीत सुट्ट्यांची यादी टांगलेली असते, ती सरकारची. पोरं ज्या यादीनं शाळेत येत आणि शाळेतून नाहीशी होत ती वेगळीच होती, आणि ती ऊन आणि पराटी, म्हणजे कापसाचं झाड, या दोघांनी मिळून केलेली होती.

आधी जन्मतारखांचं सांगते, कारण तिथंच पहिली गंमत आहे. पानंच्या पानं 1 जुलै, 1 जुलै, 1 जुलै. गुरुजी विचारत, पोरगा कधी झाला? बाप सांगे, पोळ्याच्या आगंमागं, पूर आला होता त्या साली. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. हात पोचला की सहा वर्षं पूर्ण, तारीख 1 जुलै. माझीही तीच. मी खरी जन्मले कार्तिकात, कापसाची वेचणी चालू असताना, असं आई सांगायची. पण निवृत्त झाले कागदावरच्या तारखेनं. चार महिने नोकरी त्या गुरुजींनी खाल्ली असं मी घरी म्हणते. तेवढाच विनोद.

मग शिक्के. सगळ्यात जुन्या रजिस्टरातला शिक्का मध्यप्रांत व वऱ्हाडचा. त्यापुढचा मध्यप्रदेश. त्यापुढे मुंबई राज्य. मग महाराष्ट्र. माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, यांची सगळी कागदपत्रं मी एकदा एका पिशवीत भरली तेव्हा हसू आवरेना. शाळेत नाव घातलं मध्यप्रांत व वऱ्हाडात, तेव्हा कागदोपत्री हा मुलूख निजामाचाच होता, इंग्रजांकडे 1902 पासून कायमच्या भाडेपट्ट्यानं. मिडल झाले मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्यानंतर मॅट्रिक झाले. नोकरी लागली महाराष्ट्रात. चार राज्यं झाली, आणि गडी पूर्णेचा काठ सोडून कुठं गेला नाही.

गेले ते एकदाच, मॅट्रिकसाठी अमरावतीला. त्या काळी आमच्या बाजूच्या खेड्यातल्या पोराला हायस्कूल म्हणजे अचलपूर नाहीतर अमरावती. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. 1932 साली त्यांनीच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि मग कुणब्या-माळ्यांच्या पोरांना हायस्कूल जवळ येऊ लागलं. पंजाबराव स्वतः लहानपणी काही काळ चांदुरात शिकले, हे आमच्या शाळेत दर 27 डिसेंबरला, त्यांच्या जयंतीला, कुणीतरी छाती फुगवून सांगतं. ते चांदूर रेल्वे. आम्ही चांदूर बाजार. दोन्ही अमरावती जिल्ह्यातच, पण एक या टोकाला तर एक त्या. ते रेल्वेच्या ठेसनावरून ओळखलं जाई, आम्ही बाजारावरून. टपाल तिकडचं इकडे येई, इकडचं तिकडे जाई. एकदा तर बोर्डाचा एक लखोटा आठ दिवस त्या चांदुरात पडून होता, आणि ते आठ दिवस आमच्या हेडमास्तरांनी जेवण टाकलं होतं. आता आमच्याकडेही नरखेड-अमरावती लाइन आली, ठेसन झालं. आता तर घोटाळा पक्काच.

मी पाचवीत गेले 1976 साली. घर ते शाळा चार किलोमीटर, पायी. मोठा भाऊ सायकलवर जायचा, मला मागं बसवायचा नाही, कारण मागच्या कॅरिअरवर दूध होतं. हॉटेलात घालायचं. आमच्या पोटाआधी दुधाची सोय व्हायची.

शाळा उघडायची 26 जूनला. उरलेल्या महाराष्ट्राची पोरं दहा-बारा दिवस आधी वर्गात बसायची. वर्तमानपत्रात पुण्या-मुंबईच्या रडणाऱ्या पोरांचे फोटो यायचे आणि आम्ही अजून अंगणात बाजेवर लोळत असायचो. ही सवलत उन्हानं दिलेली. मे महिन्यात 45 अंश म्हणजे आमच्याकडे बातमी नव्हे. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, नऊ दिवस जमीन तव्यासारखी. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, आणि बारा ते चार गावात कुत्रंही हलत नाही. मार्चपासूनच शाळा सकाळची व्हायची. सातला भरायची, अकराला सुटायची, आणि येताना त्या चार किलोमीटरवर एकच निंबाचं झाड. त्या झाडाखाली बसून आम्ही पाढे म्हटले, भांडलो, कैऱ्या खाल्ल्या, आणि एकदा एका पोरीला भोवळ आली तेव्हा तिच्या तोंडावर शाईच्या दौतीतलं पाणी मारलं. ती दौत धुतलेली नव्हती.

आता त्या सुट्टीत आम्ही काय करायचो? शहरातली माणसं विचारतात, मामाच्या गावाला जायच्या का? जायचो की. मामाकडेही पराट्या उपटायलाच. वेचणी संपून उलंगवाडी झाली की वावरात नुसती काडी उभी राहते. ती उपटायची, भारे बांधायचे, डोक्यावर आणून घरामागं रचायचे. वर्षभराचं जळण. हाताला जे फोड यायचे ते 26 जूनपर्यंत बसायचे नाहीत, आणि पहिल्या दिवशी शुद्धलेखन लिहिताना पेन धरवायचा नाही. पोरींना त्याशिवाय शेवया, कुरड्या, पापड. पहाटे चारला उठून गव्हाचा चीक घोटायचा, कारण ऊन चढलं की चीक बिघडतो. दुपारी सरगुंडे वळायचे. पातळ काडीवर कणकेची सुरळी फिरवायची आणि अलगद काढायची, वाळवायची, आणि मग आंब्याच्या रसासोबत खायची. सरगुंडे खाताना सुट्टी आहे असं वाटायचं. तो अर्धा तास मी अजून विसरले नाही.

पण रजिस्टर पाहाल तर खारीज होण्याचा मोसम उन्हाळा नव्हे. मोजदाद मी केली नाही, ते माझं काम नव्हतं. तरी पान उलटत गेलं की डोळ्याला दिसतंच. जून-जुलैत नावं दाखल होतात, आणि आश्विन-कार्तिकापासून माघापर्यंत एकेक खारीज होत जातं. म्हणजे वेचणी.

ज्यानं कापूस वेचला नाही त्याला वेचणी म्हणजे फोटोतलं पांढरं शेत वाटतं. कंबरेला लुगड्याची ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा, ओटी भरली की धुऱ्यावर जाऊन ढीग करायचा. बोंडाच्या टोकाला काटा असतो. तो नखाच्या कडेला लागतो, दर वेळी त्याच जागी. सकाळी दव असतं, तेव्हा कापूस जड भरतो, म्हणून मजूर बाया पहाटे यायला बघत आणि मालक उशिरा बोलवायला बघे. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही. वावरात पाच खडे मांडून, पराटीला हळदकुंकू वाहून, दहीभाताचा नैवेद्य. त्या दिवशी पोरांना शाळेला पाठवत नसत, कारण घरचं शुभकार्य. दुसऱ्या दिवशीही पाठवत नसत, कारण काम. दिवाळीची सुट्टी सरकारनं आम्हाला दिवाळीसाठी दिली असेल, आम्ही ती वावरात भरली. सुट्टी संपल्यावरही पंधरा दिवस वर्ग अर्धेच असत. जे गुरुजी शहाणे होते ते त्या दिवसांत नवा धडा सुरूच करत नसत.

1972 साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याकडे जाऊन पडेल भावात कापूस टाकण्यापेक्षा पणन महासंघाच्या केंद्रावर न्यायचा, ग्रेडर प्रत ठरवणार, मग चुकारा मिळणार. चुकारा हा आमच्या शाळेच्या इतिहासातला फार मोठा शब्द आहे. तो हप्त्याहप्त्यानं यायचा. चुकारा आला की फी, चुकारा आला की चपला, चुकारा आला की कंपासपेटी. 1959 पासून ईबीसीची सवलत होती, कमी उत्पन्नवाल्यांना फी माफ. पण परीक्षा फी, सहल, स्नेहसंमेलनाची वर्गणी हे होतंच. वर्गात सर विचारायचे, फी का नाही आणली? अर्धा वर्ग एका आवाजात म्हणायचा, सर, चुकारा नाही झाला. सर पुढे काही बोलायचे नाहीत. त्यांच्याही घरचा कापूस त्याच केंद्रावर पडलेला.

केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या. दोन-दोन, तीन-तीन दिवस. बाप रांगेत, आणि कापसाच्या बंडीवर जागल करायला पोरगा. माझा भाऊ नववीत असताना असा तीन रात्री केंद्राबाहेर झोपला. कापसात झोपलं की थंडी वाजत नाही, असं तो मोठ्या अभिमानानं सांगे. त्याच आठवड्यात त्याची सहामाही होती. भूगोलाच्या पेपरात त्यानं काळ्या मृदेवर दोन पानं लिहिली आणि बाकी पेपर कोरा सोडला. सरांनी त्याला दोन पानांचे पूर्ण मार्क दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, बाकीचं जगही आहे.

सहामाही संपली की बहिरम. सातपुड्याच्या पायथ्याला, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेकडीवर बहिरमबुवाचं ठाणं, लोणी आणि शेंदूर फासलेली भली मोठी मूर्ती. 20 डिसेंबरला यात्रा लागते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. इतकी लांब यात्रा दुसरीकडे मी पाहिली नाही. राहुट्या पडतात, मातीच्या हंडीत मटण शिजतं, जाड भाकरी, वांग्याचं भरीत, रोडगे. पूर्वी तिथं बोकडांचा बळी जायचा, रात्रभर तमाशे चालायचे. गाडगेबाबांनी त्या बळीविरुद्ध तिथं कीर्तनं केली, असं आमच्या घरी माणसं सांगत आली. गाडगेबाबांना मरण आलं तेही 20 डिसेंबरलाच, 1956 साली, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी. अमरावतीला जाताना बस त्या पुलावर आली की आई हात जोडायची.

हायस्कूलच्या पोरांना बहिरमला एकट्यानं जायची बंदी होती. म्हणून सगळी जायची. आणि तिथं राहुटीत हंडीपुढं बसलेले आपलेच सर दिसायचे. मग दोन्ही बाजूंनी न बघितल्याचं ठरायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सर फार मायेनं वागत, एवढीच खूण. आम्हा पोरींना अर्थातच घरच्यांबरोबर, दिवसा, बंडीतून. मी सातवीत असताना तिथून दोन आण्यांसारखी दिसणारी एक अंगठी आणली होती. बोट हिरवं झालं तरी काढली नाही.

भीतीचं आता सांगते. सगळ्यात पहिली मोठी भीती आकाशातून आली. जुलै 1979, शाळा उघडून पंधरा दिवस झालेले, आणि रेडिओवर सांगत होते की स्कायलॅब नावाची अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा पडणार, कुठं पडेल सांगता येत नाही. गावात कुणी म्हणे चांदुराच्या बाजारावर पडणार, कारण नावातच चांद आहे. एका शेजाऱ्यानं घरची कोंबडी कापून खाल्ली, मरायचंच आहे तर उपाशी कशाला. 11 जुलैला ती पडली, थेट ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. कोंबडी गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी 16 फेब्रुवारीला सूर्यग्रहण. खग्रास दक्षिणेकडे होतं, आमच्याकडे खंडग्रासच, पण रस्ते असे ओस पडले की आठवणीनं आजही अंगावर शहारा येतो. आजीनं आम्हाला घरात कोंडलं, पाण्याच्या रांजणात तुळस टाकली. विज्ञानाच्या सरांनी आदल्या दिवशी फळ्यावर ग्रहणाची आकृती काढून दाखवली होती. ते सरही त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत, हे आम्हाला कळलंच.

या भीत्या आल्या आणि गेल्या. रोजची भीती इंग्रजी आणि गणिताची. आणि त्याच्याही आधी, सांगायला लाज वाटते, मराठीची. घरी आम्ही मले, तुले, काहून, कुठी असं बोलणार, पुस्तक मला, तुला, का, कुठे असं बोलणार. आमचे मराठीचे सर पहिल्याच तासाला म्हणाले, "मले-तुले वावरात ठेवून यायचं, अन् मग वर्गात पाय टाकायचा." त्या धाकानं कितीतरी पोरं तोंडच उघडायची नाहीत. उत्तर येत असून गप्प. मी निबंधात एकदा 'पाणी आलं म्हणून पराटी हरखली' असं लिहिलं, हरखली खाली लाल रेघ, पराटीखालीही लाल रेघ, वर लिहिलं कापसाचे झाड. मला पुष्कळ वर्षांनी कळलं की शेजारच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, जिथं आमच्याकडची माणसं देवाला जातात, तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. परीक्षेला तो प्रश्न आम्ही घोकला होता. मराठीतील आद्य गद्य ग्रंथ कोणता, एक मार्क. ते गाव आपल्या वाटेवरचंच आहे, हे ना पुस्तकात होतं ना सरांनी सांगितलं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. त्या एका मार्काचं एवढं झालं.

परीक्षेआधी पोरं नारळ घेऊन माधानला जायची. माधान आमच्याच तालुक्यातलं, गुलाबराव महाराजांचं. महाराज 1881 साली जन्मले, तान्हेपणीच दृष्टी गेली. शाळेचं शिक्षण असं नाहीच. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचून घेत, ऐकलेलं लक्षात ठेवत, आणि 1915 साली, पस्तिशीही न गाठता गेले तोवर शंभराहून जास्त लहानमोठे ग्रंथ त्यांच्या नावावर. नावंग नावाची आपली एक वेगळी भाषाही त्यांनी रचली होती. लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्यांच्यापुढं उभं राहून आम्ही मागायचो काय, तर इंग्रजीत पस्तीस.

नापास झालेल्यांना ऑक्टोबरची परीक्षा असायची. 'ऑक्टोबरवाला' ही आमच्याकडे एक जातच होती. मार्चला नापास, ऑक्टोबरला वेचणीमुळं अभ्यास नाही म्हणून नापास, परत मार्च. लग्नाच्या बोलणीत 'मॅट्रिक नापास' असं मुद्दाम सांगत, कारण त्याचा अर्थ मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचला होता. जुनी मॅट्रिक अकरावीची. 1975 साली नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली आणि मोठे बाबा म्हणाले, "एक वर्ष कमी केलं म्हणजे एक वर्षाचं भ्या कमी झालं." तसं काही झालं नाही. निकालाच्या दिवशी आजी विहिरीवरचा दोर सोडून घरात आणून ठेवायची. कुणी नापास झालं तर, एवढंच म्हणायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका ठेवायच्या. मी 1982 साली दहावी झाले, बोर्ड तेव्हा नागपूरचं, इंग्रजीत अडतीस. बाबांनी गूळ-फुटाणे वाटले. आजीनं आधी दोर नेऊन विहिरीला लावला, मग फुटाणे खाल्ले.

पोरींची भीती मात्र नापास होण्याची नव्हतीच. नापास झालं तर काय, घरी बसणार. भीती होती ती मोठं होण्याची. नववी म्हणजे धोक्याचं वर्ष. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसायची, कोजागिरीला उठायची. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघरी पोरींची गाणी आणि शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. आवाजावरून फुटाणे की लाडू की काकडी. त्या गर्दीत बायका पोरी हेरायच्या. कोजागिरी झाली की स्थळं यायला लागायची. 1978 साली कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय अठरा केलं. रजिस्टरात त्याचा परिणाम मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याआधीच्या पानांवर कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलेलं, लग्न झाल्यामुळे. त्यानंतर तो शब्दच गायब. पालकांच्या विनंतीवरून. घरगुती अडचण. सतत गैरहजर. लग्नं होत होती तशीच होत राहिली, फक्त बाबू लोक हुशार झाले. पुढे त्या बाबू लोकांत मीही आले.

माझ्या बाकावर शेजारी बसणारी एक होती. नाव सांगत नाही, ती आहे, दोन नातवंडं आहेत. खिरापत ओळखण्यात तिचा हात कुणी धरत नसे. गणितात माझ्या पुढे. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी एकाच वावरात मजुरीनं वेचायला जात होतो, माझ्या नव्या दप्तरासाठी आणि तिच्या भावाच्या फीसाठी. सुट्टी संपली, मी शाळेत आले, ती आली नाही. आठ दिवस तिची जागा मी दप्तर ठेवून धरली. मग सरांनी तिथं दुसरी बसवली.

2011 साली ती ऑफिसात आली. सुनेनं बरोबर आणलेलं. कुठल्याशा अर्जाला वयाचा पुरावा हवा होता. मी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि खालच्या कप्प्यातून रजिस्टर काढलं. ओळ सापडायला वेळ लागला नाही, माझ्याच ओळीच्या वर दोन ओळी सोडून. जन्मतारीख 1 जुलै. खारीज तारीख 31 जानेवारी.

"काय लिवलं वं माह्या नावापुढं?" तिनं विचारलं.

मी वाचलं, "सतत गैरहजर."

ती जरा वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. मग हसली, अगदी खिरापत ओळखल्यासारखी.

"गैरहजर? मी तं रोजच हजर होती. वावरात."

सून म्हणाली, चला न आई, उशीर होते. मी दाखला लिहिला, शिक्का मारला, हेडमास्तरांची सही आणली. पावतीवर तिला सही करायची होती. तिनं पेन घेतला, चष्मा वर केला, आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. माहेरचं. मग खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं.